कोकिळा फुईचा सर्वे

माझं ऑपरेशन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी कोकिळा फुई जळगावच्या दवाखान्यात आली, माझ्या पलंगाशी उभी राहिली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने पहिला प्रश्न विचारला, "पादना का नही रे?"

शेजारच्या पलंगावरचे रिटायर मास्तर पेपरामागे गेले. माझी बायको नूतन एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागली. मी हळूच म्हटलं, "नाही अजून."

"मंग उठ. पडी काय राहिना?"

माझ्या पोटाला टाके, हातात सलाईन. पण फुईपुढे ही कारणं चालत नाहीत. तिने सलाईनचा स्टँड स्वतः धरला आणि मला व्हरांड्यात चार फेऱ्या मारायला लावल्या. आतडं कापून जोडलं की ते पुन्हा कामाला लागल्याची पहिली खूण वारा सरणं हीच असते, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. चौथ्या फेरीत जे व्हायचं ते झालं. फुईने ती बातमी नर्सला अशी दिली की मी जणू बोर्डात आलो होतो.

कोकिळा फुई म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात. चोपड्याजवळच्या आमच्या गावातच तिला दिलेली. एकतीस वर्षं तिने गावची अंगणवाडी चालवली, गेल्या वर्षी पासष्टाव्या वर्षी सेवानिवृत्त झाली. म्हणजे कागदावर झाली. पोलिओच्या रविवारी फुई यायची म्हटलं की आया पोरांना स्वतःहून रांगेत उभं करायच्या, कारण राहिलेल्या पोराच्या मागे ती केळीच्या बागेतही शिरायची. डोस पाजला की पोराच्या डाव्या करंगळीला मार्करची खूण. सगळ्या पोरांचा डोस झालेल्या घराच्या भिंतीवर खडूने 'पी', राहिलेल्या घरावर फुली. एकदा सरपंचाच्याच नव्या रंगवलेल्या भिंतीवर तिने फुली मारली होती. सरपंच भांडायला आले आणि नातवाला डोस पाजून गेले.

आता माझ्या दुखण्याचं सांगतो. मी जळगावला केळीची रोपं तयार करणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला आहे. वय अडतीस. सात-आठ महिने जिना चढताना धाप लागत होती, मी म्हणत होतो ऊन आहे. एप्रिल गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी माझं आपलं ऊनच. शेवटी नूतनने धरून नेलं. रक्त निम्म्यावर आलेलं आणि मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ. गाठ कॅन्सरची निघाली. वेळेत निघाली, काढली, संपलं असं मला वाटलं.

पण डॉक्टर माझ्या फाईलकडे बघत म्हणाले, "वय लहान. गाठ उजवीकडे. वडील सेहेचाळिसाव्या वर्षी पोटाच्या आजाराने गेले, आजोबा पन्नाशीत. मला हा योगायोग वाटत नाही." मग गाठीची तपासणी, मग रक्ताची, आणि महिन्याभराने आम्हाला जनुक समुपदेशकाकडे बोलावणं आलं. मोहिनी मॅडम त्यांचं नाव, दर शनिवारी दवाखान्यात बसायच्या. घरातली मोठी माणसं घेऊन या म्हणाल्या, म्हणून फुई आली आणि घरातले कर्ते म्हणून माझे थोरले काका रुपचंद नाना आले. नाना सत्तर वर्षांचे. धोतर कडक, मिशा त्याहून कडक.

मॅडमनी छान समजावलं. शरीरातल्या पेशी स्वतःची नक्कल करत वाढतात. नक्कल म्हटली की चुका आल्या. त्या चुका दुरुस्त करायचं काम ज्या जनुकांकडे असतं, त्यातलं एक आमच्या घराण्यात बिघडलेलं आहे.

"म्हणजे पर्यवेक्षिका रजेवर शे," फुई म्हणाली. "मंग रजिस्टरमा कोणी काहीबी लिखो."

मॅडम हसल्या. "अगदी तसंच. आणि हे आई किंवा वडिलांकडून मुलांकडे येतं. प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी."

"पोरीस्लेबी?"

"मुलींनाही. अगदी सारखी."

फुई सावकाश नानांकडे वळली. "देख भाऊ. वावरना टाइमले मन्हापाइन हक्कसोडवर सही लिन्ही. आठे रक्तमा ते हक्कसोड चालत नही."

नानांनी खाकरून घसा साफ केला. मी पोटाची जखम धरून हसलो.

मॅडमनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. आजोबा, आजी. मग त्यांची मुलं. नाना सांगत होते, "पहिला मी. मग या हितेंद्रचे वडील. मग ही कोकिळा. चौथी एक होती, ती वारली."

"कधी?"

"पंच्याण्णवला."

"वय?"

"चोवीस."

मॅडमचं पेन थांबलं. "चोवीस? कशाने गेल्या? पोटाचं काही होतं का, रक्त जात होतं?"

नाना पंख्याकडे बघायला लागले. "ताप."

"कसला ताप?"

"कसला म्हणजे... आला ताप."

मॅडमनी गोल काढला, त्यावर रेघ मारायला पेन टेकवलं, आणि फुईने टेबलावर अशी थाप मारली की पेपरवेट उडाला. "मॅडम, ती रेघ नका मारू! मन्ही बहीन जित्ती शे. दीपनगरले शे."

मी आ वासून बघत राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मलाही लता फुई मेलेलीच माहीत होती. मी आठ वर्षांचा होतो. एके सकाळी घरातल्या सगळ्या पुरुषांनी विहिरीवर तिच्या नावाने अंघोळ केली, माझ्याही डोक्यावर कोणीतरी तांब्या ओतला आणि सांगितलं, लता गेली. मी दोन दिवस रडलो होतो. ती मला खांद्यावर बसवून शेतात न्यायची. पुढे कोणी विचारलं की मी कावीळ झाली होती म्हणून सांगायचो. कावीळ मी माझ्या मनानेच लावून घेतली होती.

आणि झालं काय होतं? तिने दीपनगरच्या वीज केंद्रात काम करणाऱ्या कुंदन नावाच्या दुसऱ्या जातीच्या माणसाशी लग्न केलं होतं. बस. एवढ्यासाठी अंघोळ! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एक धडधाकट बाई तीस वर्षं भुसावळच्या पलीकडे भाकरी थापतेय आणि आम्ही डॉक्टरला तिच्या मरणाचं कारण सांगतोय!

"फुई, तुला माहीत होतं?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

फुईचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा खाली गेलेला ऐकला. बारा वर्षांपूर्वी भुसावळला ट्रेनिंगला गेली असताना तिला लता बाजारात भेटली होती. दोघींनी उसाचा रस घेतला, रडल्या, आणि आपापल्या गाडीने गेल्या. "घर मा कोणले सांगं नही. मीबी तोंड बंदच ठेवं ना," ती म्हणाली. "आते नही ठेवस. तिना पोटमा काही व्हई ते? तुन्हा बाप मूळव्याध मूळव्याध करता करता गया."

मग सुरू झाला फुईचा सर्वे. खडूचा डबा आणि जुना मार्कर तिने कपाटातून काढला. आजोबांच्या आणि त्यांच्या भावांच्या रक्ताची जेवढी माणसं, तेवढ्यांच्या दारात ती गेली. कोणी म्हणालं, आम्हाला काही होत नाही. कोणी म्हणालं, पोरीचं जमवायचंय, असलं काही बाहेर गेलं तर? फुई म्हणाली, "जावई विधुर व्हवापेक्षा हाई बरं नही का?" पुढच्या शनिवारी ती नऊ जणांना गाडीत कोंबून जळगावला घेऊन आली. रक्त दिलं की लगेच डाव्या करंगळीला खूण. आजोबांच्या भावाचा बावन्न वर्षांचा नातू ज्ञानेश्वर, कापसाचा व्यापारी, महिनाभर जांभळी करंगळी घेऊन सौदे करत होता.

माझी मुलगी अकरा वर्षांची. तिलाही न्यायला फुई निघाली होती, पण मॅडम म्हणाल्या, अठरापर्यंत थांबा, तोवर काही करायचं नसतं. सात वर्षं थांबायचं. ते मला जड जातं. ती शाळेतून आली की मी अजूनही तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून रक्त कमी तर नाही ना बघतो, आणि ती वैतागते.

फुईचा स्वतःचा रिपोर्ट आला. दोष नाही. आम्ही पेढे आणले. फुई मात्र कागद उलटसुलट करत बसली. "काहीच नही? बापनं मन्हाकडे काहीच उनं नही? वावर नही, दोषबी नही?" मग स्वतःशीच हसली आणि दोन पेढे एकदम तोंडात टाकले.

राहिली दोन माणसं. एक नाना. "माले काय धाड भरेल शे," एवढंच त्यांचं उत्तर. फुईने त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर फुली मारली. नानांनी पुसली. तिने गेरूने मारली. नानांनी चुना लावला. दुसऱ्या दिवशी चुन्यावर पुन्हा फुली. गावाला करमणूक झाली नुसती.

दुसरी लता फुई.

मी आणि फुई दीपनगरला गेलो. वाटभर फुई बडबडत होती, पण कॉलनीचं गेट दिसलं तशी गप्प झाली. पदराने तोंड पुसलं, परत पुसलं. दार एका पिकलेल्या केसांच्या बाईने उघडलं. आमच्या आजीचंच नाक. माझ्याकडे बघत ती म्हणाली, "हितू?"

मी आठ वर्षांचा असताना पाहिलेला, आणि तिने ओळखलं. मी वाकून पाया पडलो, ते पडलेलाच राहिलो.

चहा झाला. कुंदनराव भला माणूस, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. सगळं सांगून झाल्यावर लता फुई म्हणाली, "मेलेल्या माणसाचं रक्त घेतात का गं दवाखान्यात?"

कोकिळा फुईने रिकामा कप उचलून पुन्हा तोंडाला लावला.

"मी येईन," लता फुई म्हणाली. मग तीस वर्षं कॉलनीत राहून चढलेली तिची शहरी मराठी एकदम गळून पडली. "पण भाऊ सगळास्ना पुढे पाहिजे. मन्हा नावनी अंघोळ करी तव्हय तोच पुढे व्हता. आतेबी पुढेच राहू दे. त्याना हात मन्हासमोर पुढे व्हवाले पाहिजे. नहीतर मी येत नही."

झालं! परतताना माझी पाचावर धारण बसली. नाना तिच्यासमोर हात पुढे करणार? ते तर तिचं नाव निघालं की उठून जायचे. लता फुई हट्टाला पेटलेली, नाना तिच्याहून वरचढ. दोघांच्या मानापानात तिच्या पोटात काही वाढत असलं तर ते काय थांबणार होतं?

संध्याकाळी फुईने नानांच्या ओसरीवर उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं आणि भांडणासाठी कंबरेला हात लावून तयार राहिली. नानांनी चुन्याची बादली बाजूला सरकवली. मग म्हणाले, "कशी शे ती?"

"केस पांढरा व्हई गयात."

नाना मिशीवरून हात फिरवत राहिले. "शनवारले कितला वाजता जावानं?"

शनिवारी दवाखान्यात तीन खुर्च्या. एका टोकाला नाना, दुसऱ्या टोकाला लता फुई, मध्ये कोकिळा फुई. मधलीच एकटी बोलत होती. नानांना बोलावलं. नानांनी बाही वर केली, हात पुढे केला. लॅबवाला नस शोधतोय, टोचतोय, पुन्हा शोधतोय. दोनदा टोचून झालं. नानांचे ओठ घट्ट.

"डावा हात पाहा," लता फुई मागून म्हणाली. "मी लहान होते तेव्हा बी त्याच्या उजव्या हाताची नस कधी सापडायची नाही."

नानांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात पुढे केला. पहिल्याच टोचण्यात रक्त आलं. त्यानंतर लता फुई खुर्चीत बसली. कोकिळा फुईने दोघांच्या करंगळ्यांना खूण केली आणि बाहेर जाऊन भिंतीला तोंड करून रडून आली.

तीन आठवड्यांनी मॅडमनी दोन लिफाफे उघडले. मी लता फुईच्या लिफाफ्याकडे टक लावून होतो. आमची सगळी धावपळ तिच्यासाठीच तर होती.

लता फुईत दोष नव्हता. नानांमध्ये होता.

मॅडमनी विचारलं, "नाना, काही त्रास होतो का? शौचाला रक्त वगैरे?"

नानांनी मान खाली घातली. "चार महिने झाले. मूळव्याध असेल म्हटलं."

मी उठून उभाच राहिलो. "नाना! बाबाही हेच म्हणत गेले! तुमच्या डोळ्यांदेखत गेले!" ओरडायचं नव्हतं, पण ओरडलो. सत्तर वर्षांच्या माणसावर ओरडल्याची मला आजही लाज वाटत नाही.

पुढच्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी ठरली. दुर्बीण कुठून घालतात हे कळल्यावर नाना घोंगडी घेऊन मळ्यात जाऊन बसले. फुईने तिथून आणले. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट पाणी ग्लासामागून ग्लास पाजायचं काम अर्थातच तिचं. "एक ग्लास ऱ्हायना भाऊ. पी. नहीतर नाक धरी पाजसू, मन्हा हाते हजारो पोरंस्नी पियेल शे." नाना शिव्या देत पीत होते आणि पीत पीत पळत होते. आम्ही सगळे अंगणात बसून हसलो. नानाही शेवटी हसले.

तपासणीच्या दिवशी लता फुई आणि कुंदनराव आमच्या आधीच दवाखान्यात पोचले होते. नाना आत गेले. अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर आले. आतड्यात मोठा कोंब, पॉलिप म्हणतात तो, सापडला होता, लगेच काढता येईल, पण जोखीम आहे, घरच्यांची सही लागेल. नानांचा मुलगा दीपक नाशिकहून निघालेला, तो धुळ्यातल्या रस्त्याच्या कामात अडकला होता. कोकिळा फुई खाली कॅन्टीनवाल्याशी चहात पाणी जास्त म्हणून भांडत होती. मी म्हटलं, मी पुतण्या. डॉक्टर म्हणाले, "अजून जवळचं कोणी?"

"मी बहीण," लता फुई उठली. चष्मा लावला, कागद वाचला, सही केली. नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलं आणि पेन परत दिलं.

कोंबाचा रिपोर्ट आला. बिघडायला नुकतीच सुरुवात झाली होती, तेवढ्यातच तो मुळासकट निघाला. वर्ष गेलं असतं तर कॅन्सर झाला असता, डॉक्टर म्हणाले. म्हणजे लता फुई आली नसती तरी तिचं काही बिघडलं नसतं. बिघडलं असतं ते नानांचं, कारण तिच्यासमोर हात पुढे करायचा नसता तर ते कधीच आले नसते. ही गोष्ट आम्ही नानांना सांगितली नाही. त्यांनाही हिशेब येतो.

त्यानंतर दीड महिन्याने आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आणि त्यांना आणायला सासरी भाऊ नाहीतर भाचा-पुतण्या मुऱ्हाळी म्हणून जातो. मी गाडी काढत होतो, तर नाना धुतलेली टोपी घालून पुढच्या सीटवर येऊन बसले. "मी जास. तू गाडी चालाड," म्हणाले. दीपनगरपर्यंत ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते.

लता फुईने दार उघडलं. नाना घोकलेलं सगळं विसरले. दारातच उभे राहून म्हणाले, "लता, आखाजी शे. तुले लेवाले उनू."

ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. हातात कपड्यांची भरलेली बॅग. नाना बॅगेकडे बघत राहिले. आम्ही येणार असं तिला कोणीच कळवलं नव्हतं.

"दरवर्षी भरते," कुंदनराव मला हळूच म्हणाले, पण नानांना ऐकू गेलं. "आखाजीच्या आदल्या रात्री. मग दोन दिवस वाट बघते आणि परत कपाटात लावते."

नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. लता फुईच्या हातातून बॅग घेतली, मी पुढे झालो तर माझा हात झटकला, आणि दोन जिने उतरून ती गाडीपर्यंत स्वतः नेली.